हलत्या सीमेवरचे कार्बाइड: इंटरफेज प्रेसिपिटेशनचं मॉडेल कोणत्या क्रमाने बांधायचं

व्हॅनेडियम स्टीलचं मॉडेल चालवलं. कार्बाइड (व्हॅनेडियम-कार्बन संयुग) कणांचा आकार मायक्रोस्कोपमधल्या मापाशी जुळेना, म्हणून कण आणि फेराइट (लोखंडाचं कमी तापमानाचं रूप) यांच्यामधली पृष्ठऊर्जा जराशी उतरवली. जुळलं. तापमान ५०°से. बदललं तर पुन्हा जुळेना, मग पुन्हा पृष्ठऊर्जा बदलली. असं करत दर तापमानाला वेगळी पृष्ठऊर्जा असलेला एक तक्ता तयार होतो आणि त्यालाच मॉडेल म्हटलं जातं.

दोष बहुतेक वेळा पृष्ठऊर्जेत नसतो, क्रमात असतो. टीसी-प्रिस्मा, मॅटकॅल्क किंवा पायथनमधलं कॉविन ही संगणकीय साधनं मुळात स्थिर मॅट्रिक्समधल्या (भोवतालच्या धातूमधल्या) कणांसाठी लिहिलेली आहेत. इंटरफेज प्रेसिपिटेशनमध्ये कण जन्माला येतात ते ऑस्टेनाइटचं (लोखंडाच्या जास्त तापमानाच्या रूपाचं) फेराइट होत असताना, या दोहोंमधल्या सरकत्या सीमेवर. सीमा पुढे जाते, मागे कणांचा एक थर राहतो, काही नॅनोमीटर पुढे दुसरा थर बसतो. कणाला किती वेळ मिळणार हे सीमेचा वेग ठरवतो. म्हणून आधी सीमा, मग कण.

खालच्या सगळ्या हिशोबांसाठी एकच स्टील धरलं आहे: वजनाने ०.१०% कार्बन, १.५% मँगनीज, ०.२०% व्हॅनेडियम, ०.००३% नायट्रोजन. ऑस्टेनाइटमध्ये तापवून ते ७००°से.ला आणलं आणि तिथेच धरून ठेवलं. नायओबियम किंवा टायटॅनियम-मॉलिब्डेनमच्या स्टीलला आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## तयारी: मॉडेलला काय विचारणार ते आधी लिहून काढा

मॉडेलकडून चार गोष्टी हव्या असतात: थरांमधलं अंतर, एका थरातल्या कणांमधलं अंतर, कणाचा व्यास, आणि एकूण आकारमान अंश (स्टीलच्या आकारमानातला कणांचा वाटा). यातल्या तीन कळल्या की चौथी वस्तुमानाच्या ताळेबंदातून निघते. चारही स्वतंत्रपणे जुळवायला गेलात तर मॉडेल व्हॅनेडियम हवेतून तयार करू लागेल.

तुलनेसाठी हाताशी हवं ते असं:

- डायलेटोमीटरचा (नमुन्याच्या लांबीतला बदल मोजणाऱ्या यंत्राचा) वक्र: वेळेप्रमाणे फेराइटचं प्रमाण.
- परिवर्तनाआधीच्या ऑस्टेनाइट कणांचा आकार.
- किमान दोन तापमानांना मोजलेलं थरांचं अंतर. तीन असतील तर फारच बरं.
- शक्य असल्यास अ‍ॅटम प्रोबचा (एकेक अणू ओळखणाऱ्या उपकरणाचा) डेटा. अगदी बारीक कणांची संख्या आणि त्यांचं रासायनिक घटन यासाठी फक्त टीईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर) विसंबू नये.

सावध: टीईएममध्ये रांगा दिसल्या नाहीत म्हणून कण विखुरलेले आहेत असा निष्कर्ष काढू नका. फॉइल १०० नॅनोमीटर जाड आणि थरांचं अंतर २० नॅनोमीटर असेल, तर थर किरणाच्या दिशेपासून साधारण ११° जरी कलले तरी शेजारच्या रांगा एकमेकींवर पडतात आणि चित्र विस्कळीत दिसतं. नमुना कलवून थर कडेने पाहिल्याची नोंद नसेल, तर ते मोजमाप मॉडेल जुळवायला वापरू नका.

## टप्पा १: सुरुवातीला विरघळलेलं व्हॅनेडियम किती?

रासायनिक विश्लेषणातला आकडा थेट इनपुटमध्ये टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. विश्लेषण एकूण व्हॅनेडियम सांगतं. सीमेला उपयोगी पडतं ते फक्त ऑस्टेनाइटमध्ये विरघळलेलं.

अंदाज घेण्यासाठी विद्राव्यता गुणाकार पुरेसा आहे. ऑस्टेनाइटमधल्या व्हॅनेडियम कार्बाइडसाठी नेहमी वापरलं जाणारं समीकरण असं: व्हॅनेडियम आणि कार्बन यांच्या वजनी टक्क्यांच्या गुणाकाराचा दशमान लॉग = ६.७२ − ९५००/तापमान, तापमान केल्विनमध्ये. आपल्या स्टीलचा गुणाकार ०.०२. त्यावरून कार्बाइड पूर्ण विरघळण्याचं तापमान सुमारे ८५५°से. येतं.

नायट्राइडचं गणित वेगळं करावं लागतं. त्याच्या समीकरणात उजवीकडे ३.४६ + ०.१२ × मँगनीज टक्के − ८३३०/तापमान असं येतं. ०.००३% नायट्रोजनला उत्तर सुमारे ९४०°से. निघतं, आणि नायट्रोजन ०.०१०% असेल तर १०४०°से. म्हणजे इलेक्ट्रिक आर्क भट्टीतलं, नायट्रोजन जास्त असलेलं स्टील १०००°से.ला तापवलं, तर काही व्हॅनेडियम आधीच नायट्राइडमध्ये अडकलेलं असतं. आपलं स्टील ११५०°से.ला तापवलं तर प्रश्न मिटतो.

नायओबियमकडे वळलात तर ही मोकळीक संपते. ०.०५% नायओबियम आणि ०.१०% कार्बन यांना प्रचलित समीकरणाने सुमारे १२१०°से. लागतं. टायटॅनियममध्ये आधी नायट्रोजनच्या ३.४ पट टायटॅनियम वजा करा. ते टायटॅनियम नायट्राइडमध्ये गेलेलं असतं आणि नेहमीच्या तापवण्याने परत मिळत नाही.

गरम रोलिंग झालेलं असेल तर आणखी एक वजाबाकी: ऑस्टेनाइटमध्येच ताणामुळे बाहेर पडलेले कण. नायओबियममध्ये ही गळती मोठी असते, व्हॅनेडियममध्ये बहुधा किरकोळ.

तपासणी: सगळं ०.२०% व्हॅनेडियम कार्बाइडमध्ये गेलं तर आकारमान अंश सुमारे ०.३४% होतो आणि त्यात ०.०४७% कार्बन खर्ची पडतो. कार्बाइडमध्ये कार्बनच्या काही जागा रिकाम्या असतात, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च थोडा कमी. तरीही स्टीलमधला जवळपास निम्मा कार्बन कणांत जाऊ शकतो. तुमच्या मॉडेलमध्ये कण तयार होत असताना ऑस्टेनाइटकडे ढकलला जाणारा कार्बन कमी होत नसेल, तर दोन्ही भाग एकमेकांशी जोडलेलेच नाहीत. इथेच थांबून ते आधी जोडा.

## टप्पा २: सीमेवरचं ड्रायव्हिंग फोर्स

इथे वेळ द्या. पुढच्या बहुतेक चुका इथे पेरल्या जातात.

काढायचं आहे ते *सीमेवरच्या* घटनाला कार्बाइड तयार होण्याचं ड्रायव्हिंग फोर्स, म्हणजे तो बदल घडवणारा ऊर्जेतला फरक. स्टीलच्या सरासरी घटनाला किंवा तिन्ही फेजच्या पूर्ण समतोलाला ते काढलं तर उत्तर चुकतं. पूर्ण समतोलात तर ते व्याख्येनेच शून्य येतं.

१. ऑस्टेनाइट आणि फेराइट एवढेच फेज चालू ठेवा. सिमेंटाइट (लोह कार्बाइड) आणि बाकीचे बंद करा.

२. कार्बाइडला पूर्ण बंद न करता ‘डॉर्मंट’ ठेवा, म्हणजे समतोलात त्याचा भाग नसेल पण त्याचं ड्रायव्हिंग फोर्स मोजलं जाईल.

३. सीमेवरची अट निवडा. व्हॅनेडियम आणि मँगनीज हलत नाहीत, फक्त कार्बन वाटून घेतला जातो, हा पॅराइक्विलिब्रियम. सीमेजवळच्या अतिशय पातळ पट्ट्यात मँगनीजचा ढीग साचतो पण एकूण वाटप होत नाही, हा नगण्य वाटपाचा स्थानिक समतोल. ७००°से.च्या आसपास या दोहोंनी येणारे वेग वेगळे पडतात. निवड लिहून ठेवा आणि सगळ्या तापमानांना तीच वापरा.

४. सीमेवरच्या कार्बनच्या रासायनिक विभवाला, फेराइटच्या बाजूच्या घटनाला, कार्बाइडचं ड्रायव्हिंग फोर्स वाचा.

सावध: बहुतेक डेटाबेसमध्ये व्हॅनेडियम कार्बाइड हा स्वतंत्र फेज नसतोच. तो ‘एफसीसी ए-१’ या फेजचा दुसरा घटन-संच असतो आणि पहिला संच म्हणजे ऑस्टेनाइट. प्रोग्राम कधी कधी या दोघांची अदलाबदल करतो. कार्बाइड बंद केला असं समजून ऑस्टेनाइटच बंद झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. दर तापमानाला दोन्ही संचांचं घटन छापून पाहा: एकात कार्बनच्या जागा जवळपास भरलेल्या, दुसऱ्यात जवळपास रिकाम्या दिसल्या पाहिजेत.

दुसरा सापळा एककांचा. प्रोग्राम ड्रायव्हिंग फोर्स बहुधा अणूंच्या दर मोलला देतो. व्हॅनेडियम कार्बाइडचा जालक स्थिरांक (अणूंच्या रचनेतलं आवर्ती अंतर) ०.४१६ नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे सूत्राच्या एका मोलचं आकारमान सुमारे १०.९ घन सेंटिमीटर येतं आणि अणूंच्या एका मोलचं त्याच्या निम्मं. घाईत १०.९ ने भागलं तर दर घनमीटरचं ड्रायव्हिंग फोर्स निम्मं होतं. न्यूक्लिएशनचा (नवा कण जन्माला येण्याचा) अडथळा त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे तो चौपट होतो, तोही घातांकात. मग कण येतच नाहीत, आणि वापरणारा पृष्ठऊर्जा उतरवायला बसतो. सुरुवातीला सांगितलेल्या तक्त्याचा उगम पुष्कळदा हाच असतो.

## टप्पा ३: सीमेचा वेग

डायलेटोमीटरच्या वक्रावरून फेराइट वाढण्याचा दर मिळतो, वेग नाही. वेग काढायला त्या दराला दर घनमीटरमधल्या *सक्रिय* सीमेच्या क्षेत्रफळाने भागावं लागतं. फेराइट कणाचा आकार भागिले एकूण वेळ, हा शॉर्टकट सुरुवातीचा वेग कमी आणि शेवटचा जास्त दाखवतो.

कार्बनच्या विसरणाने (अणूंच्या पसरण्याने) चालणारी सपाट सीमा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे जाते, म्हणजे वेग सतत घटत जातो. त्यामुळे एकाच फेराइट कणाच्या आत थरांचं अंतर बदलत जाणं अपेक्षित आहे. ‘७००°से. = २० नॅनोमीटर’ असा एकच आकडा देणारं मॉडेल फार तर सरासरी देतं.

मिश्र नियंत्रण वापरत असाल, म्हणजे सीमेची गतिशीलता आणि कार्बनचं विसरण दोन्ही धरत असाल, तर गतिशीलतेची सक्रियण ऊर्जा प्रचलित १४० किलोजूल प्रति मोल घेऊन फक्त पूर्वघटक जुळवा. दोन्ही एकदम जुळवू नका. ते एकमेकांची चूक झाकतात. मॉलिब्डेनम, नायओबियम असतील तर सोल्यूट ड्रॅग (विरघळलेल्या अणूंनी सीमेला मागे ओढणं) वगळता येत नाही. केवळ मँगनीज-व्हॅनेडियमच्या स्टीलमध्ये आधी त्याशिवाय चालवून पाहायला हरकत नाही.

तपासणी: समजा सीमा ३०० सेकंदांत १५ मायक्रोमीटर सरकली. सरासरी वेग सेकंदाला ५० नॅनोमीटर. २० नॅनोमीटरचं अंतर कापायला तिला ०.४ सेकंद लागतात. ७००°से.ला फेराइटमध्ये व्हॅनेडियमचा विसरणांक १० चा उणे १७ वा ते उणे १८ वा घात चौरस मीटर प्रति सेकंद या पट्ट्यात धरला, तर एवढ्या वेळात अणू एक-दोन नॅनोमीटरच जातो. थरातल्या शेजारच्या कणांच्या मधोमध असलेला अणू सात-आठ नॅनोमीटर दूर असतो. म्हणजे जालकातून होणारं विसरण पुरत नाही, व्हॅनेडियम सीमेच्या आतूनच वेगाने सरकलं पाहिजे. सीमेवरचा विसरणांक तुमच्या मॉडेलमध्ये वेगळा प्राचल म्हणून नसेल, तर पुढचा टप्पा चालणार नाही.

विसरणांकाचा आकडा कुठून घेता ते जपा. फेराइटमधल्या व्हॅनेडियमसाठी छापील मूल्यांमध्ये शंभरपटीच्या घरातला फरक सापडतो. एक संच निवडा आणि फेराइट, ऑस्टेनाइट दोन्हींसाठी त्याच संकलनातला घ्या.

## टप्पा ४: सीमेवरचं न्यूक्लिएशन

नेहमीचं अभिजात न्यूक्लिएशन समीकरणच वापरायचं, पण तीन बदलांसह.

पहिला: जागांची संख्या दर घनमीटर नव्हे, सीमेच्या दर चौरस मीटर. अणूमागे एक जागा धरली तर ती १० चा १९ वा घात या घरात येते. तयार मॉड्यूलला सीमा म्हणून ‘ग्रेन बाउंड्री’ निवडून ग्रेनचा आकार दिला की काम झालं असं वाटतं. तसं होत नाही. ती सीमा स्थिर असते. आपली सीमा शेवटी साऱ्या आकारमानावरून फिरलेली असते.

दुसरा: कण बसतो तिथली ऑस्टेनाइट-फेराइट सीमा नाहीशी होते, आणि तिची ऊर्जा अडथळ्यातून वजा होते. ती वजा न करता पृष्ठऊर्जा जुळवली तर जुळलेली संख्या भौतिक अर्थाची राहत नाही. पृष्ठऊर्जा १०% चुकली की तिचा घन (अडथळा त्याच प्रमाणात बदलतो) ३३% चुकतो.

तिसरा: कणाचं रूप, गोल की चपटं. कार्बाइड आणि फेराइट यांच्यात बेकर-नटिंग अभिमुखता संबंध, म्हणजे दोन्ही जालकांची ठरावीक दिशाजुळणी, असतो. रुंद पृष्ठाच्या प्रतलात विसंगती सुमारे ३%, जाडीच्या दिशेला तब्बल ४५%. म्हणून कण चकतीसारखे वाढतात. गोल कणाची एक सरासरी पृष्ठऊर्जा वापरायला हरकत नाही, मात्र ती अणुपातळीच्या गणनेतून आलेल्या रुंद पृष्ठाच्या मूल्याशी ताडून पाहू नका. ती जास्तच येणार.

सीमा सगळीकडे सारखी नसते, हेही लक्षात असू द्या. फेराइट आणि ऑस्टेनाइट यांच्यात कुर्दजुमोव्ह-साक्स संबंध (तशीच दुसरी दिशाजुळणी) जवळपास पाळला जात असेल तिथे सीमेची ऊर्जा कमी असते आणि कण विरळ येतात. एका फेराइट कणात दाट थर आणि शेजारच्यात जवळपास काही नाही, हे खरं चित्र आहे, प्रयोगातला दोष नव्हे. मॉडेलची तुलना एकाच सुंदर छायाचित्राशी करणाऱ्यांची इथे फसगत होते.

## टप्पा ५: थरांचं अंतर

इथे दोन विचारधारा आहेत. एकीत सीमा पायऱ्यापायऱ्यांनी सरकते, कण पायरीच्या स्थिर सपाटीवर बसतात आणि पायरीची उंची म्हणजेच थरांचं अंतर. दुसरीत कणांनी सीमेजवळचं व्हॅनेडियम शोषलेलं असतं. सीमा कणांमधून फुगून सुटते आणि ताज्या व्हॅनेडियमच्या भागात पोचली की नवा थर सुरू होतो. थर सपाट असतील तर पहिली सोयीची, वक्र असतील तर दुसरी. आमचा कल दुसरीकडे आहे, कारण तीत अंतर आपोआप वेगाशी जोडलं जातं आणि हाताने टाकावं लागत नाही.

कोणतीही घ्या, पण आधी हा खडबडीत अंदाज काढून ठेवा: अडकलेली सीमा सुटण्यासाठी लागणारी उंची साधारण सीमेची ऊर्जा भागिले परिवर्तनाचं ड्रायव्हिंग फोर्स. सीमेची ऊर्जा ०.८ जूल प्रति चौरस मीटर, ड्रायव्हिंग फोर्स १०० जूल प्रति मोल, मोलचं आकारमान ७.१ घन सेंटिमीटर धरलं तर सुमारे ५७ नॅनोमीटर. ड्रायव्हिंग फोर्स ३०० केलं तर १९. तापमान उतरल्यावर थर जवळ का येतात हे यातून दिसतं.

तपासणी: मॉडेलचं उत्तर या अंदाजापेक्षा पाच-दहा पट वेगळं आलं तर पुढे जाऊ नका, टप्पा २ मधली एककं पुन्हा पाहा. तापमान उतरवूनही अंतर वाढत असेल तर बहुधा वेग आणि ड्रायव्हिंग फोर्स यांपैकी एकच तापमानाशी जोडलेलं आहे.

कालपायरी ठरवताना सीमा एका पायरीत थरांच्या अंतराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त सरकणार नाही असं पाहा. नाहीतर आख्खा थर दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवतो आणि आकारमान अंश विनाकारण दातेरी दिसतो.

## टप्पा ६: ताळेबंद

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात.

एका थरातल्या सगळ्या कणांचं आकारमान = आकारमान अंश × थरांचं अंतर × क्षेत्रफळ. कमाल अंश ०.३४%, थरांचं अंतर २० नॅनोमीटर, थरातल्या कणांचं अंतर १५ नॅनोमीटर घ्या. एका कणाच्या वाट्याला सुमारे १५ घन नॅनोमीटर येतात, म्हणजे व्यास ३ नॅनोमीटरच्या आसपास. हीच अंतरं ठेवून मॉडेल १० नॅनोमीटर व्यास सांगत असेल, तर त्यासाठी आकारमान अंश ११% च्या वर लागेल. एवढं व्हॅनेडियम स्टीलमध्ये नाही.

## टप्पा ७: सीमा गेल्यानंतर

आता कुठे तयार मॉड्यूलचं काम सुरू होतं. कणांचं वितरण, फेराइटमध्ये उरलेलं व्हॅनेडियम आणि कार्बन ही सुरुवातीची स्थिती म्हणून द्या आणि कॉइलिंग (पट्टी गुंडाळणं) किंवा थंड होण्याचा मार्ग चालवा.

सावध: इथे न्यूक्लिएशन चालू ठेवायचं तर ते डिसलोकेशनवरचं (जालकातल्या रेषीय दोषांवरचं) ठेवा आणि उरलेल्या व्हॅनेडियमवरच. पूर्ण ०.२०% पुन्हा दिलं तर तेच व्हॅनेडियम दोनदा मोजलं जातं.

ताकद काढायला अ‍ॅशबी-ओरोवान समीकरण चालतं: मेगापास्कलमध्ये वाढ = १०.८ × आकारमान अंशाचं वर्गमूळ ÷ व्यास × नैसर्गिक लॉग (व्यास ÷ ०.०००६१२५). अंश अपूर्णांकात, व्यास मायक्रोमीटरमध्ये. ०.००३४ आणि ०.००३ टाकले तर सुमारे ३३० मेगापास्कल. हा आकडा वरची मर्यादा समजा. समीकरण विखुरलेल्या कणांचं आहे आणि आपले कण थरांत बसलेले आहेत. शिवाय सगळं व्हॅनेडियम क्वचितच बाहेर पडतं, आणि अंश निम्मा झाला की हाच आकडा सुमारे २३५ वर येतो. अंशाची टक्केवारी तशीच, म्हणजे ०.३४ अशी टाकली, तर उत्तर दहापट फुगतं.

## जुळवण्याचा क्रम

सीमेची गतिशीलता डायलेटोमीटरच्या वक्रावर, सीमेवरचा विसरणांक थरांच्या अंतरावर, आणि पृष्ठऊर्जा शेवटी, एकाच तापमानाच्या कणसंख्येवर. त्यानंतर तिन्ही गोठवा आणि बाकीची तापमानं काहीही न बदलता चालवा. तिथे अंतर दीडपटीच्या आत आणि व्यास एक नॅनोमीटरच्या आत राहिला तर मॉडेल वापरण्याजोगं आहे. न राहिल्यास पृष्ठऊर्जेला हात न लावता टप्पा २ मधली सीमेची अट बदलून पाहा.

पुणे-चाकण पट्ट्यातल्या फोर्जिंगवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ३८ एमएनव्हीएस ६ सारख्या क्रँकशाफ्टच्या स्टीलमध्ये कार्बन ०.३८% च्या आसपास असतो आणि बराचसा भाग पर्लाइट (फेराइट आणि सिमेंटाइटच्या आलटूनपालटून पट्ट्या) होतो. व्हॅनेडियमचे कण पर्लाइटमधल्या फेराइटच्या पट्ट्यांतही बसतात, पण तिथे फेराइटच्या सोबत सिमेंटाइटही वाढत असतो आणि कार्बन दूर ढकलला जाण्याऐवजी बाजूच्या सिमेंटाइटमध्ये जातो. टप्पा ३ मधला घटत जाणारा वेग तिथे लागू नाही. स्थिर तापमानाला पर्लाइटची सीमा जवळपास स्थिर वेगाने सरकते. टप्पा २ मध्ये सिमेंटाइट बंद करायचा नाही, आणि वेगासाठी पर्लाइट वाढीचं मोजलेलं मूल्य वापरायचं. बाकी टप्पे तसेच.